टपाल तिकिटावरच्या जजबाई

आमच्या टपालवाल्याला आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरात काही फरक दिसत नाही. त्यांची पाकिटं आमच्या पेटीत, आमची त्यांच्या पेटीत, आणि मग कुंपणावरून देवाणघेवाण. इथे अमेरिकेतल्या एडिसनमध्ये घरामागचं कुंपण उंच फळ्यांचं असतं. शेजाऱ्याचं तोंड दिसू नये हाच त्याचा हेतू. काकूंनी त्यावर उपाय म्हणून कुंपणालगत एक बादली कायमची उपडी घालून ठेवली आहे. बादलीवर चढल्या की त्यांचा चेहरा फळ्यांच्या वर येतो आणि अर्धा-पाऊण तास तरी खाली जात नाही.

"हे तुझं गॅसचं बिल. आणि हे तुझ्या वन्सांकडचं आमंत्रण. पण यावरचं तिकीट मी घेणार, आधीच सांगते."

"काकू, तिकिटं कधीपासून जमवायला लागलात?"

"जमवत नाही गं. या बाईला मी ओळखते."

काकूंची ओळख ही सैल गोष्ट आहे. सांगलीच्या कोर्टाबाहेर त्यांच्या वडिलांचं, आबांचं, वकिलीचं टेबल होतं. इकडे आल्यावर काकूंनी बरीच वर्षं खालच्या मॅनहॅटनमध्ये एका विमा कचेरीत काम केलं. शेजारीच फॉली स्क्वेअरचं फेडरल कोर्ट. जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून त्या सरळ तिथे जाऊन मागच्या बाकावर बसत. कोर्ट सगळ्यांना खुलं, उन्हाळ्यात आत गारवा आणि वर फुकटचं नाटक. तेव्हा तिकिटावरच्या बाई त्यांनी एकदा लांबून पाहिल्या होत्या म्हणे. उंच, ताठ, मान जराही न वाकवता चालणाऱ्या.

मी पाकीट हातात घेतलं. कॉन्स्टन्स बेकर मॉटली. अमेरिकी टपाल खात्याने 2024 साली काढलेलं तिकीट.

"फेडरल जज झालेली पहिली काळी बाई," काकू म्हणाल्या. "पण ते तर कुठेही छापलेलं असतं. खरी मजा आहे ती नेमणूक कशी झाली त्यात. सात महिने अडवून धरली होती. आणि कुणी? ज्याला तिने त्याच्याच राज्यात जाऊन हरवलं होतं, त्याने!"

मी बिल खिशात घातलं. आता आत जाण्यात अर्थ नव्हता.

"आधी घर ऐक. न्यू हेवनची. आईबाप कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. बारा भावंडांतली ही नववी. बाप स्वयंपाकी, कुठे, तर येल विद्यापीठात मोठ्या घरच्या पोरांच्या ज्या गुप्त मंडळ्या असतात ना, कवटी आणि हाडं वगैरे, त्यांच्याकडे. म्हणजे जी पोरं पुढे सिनेटर आणि जज होणार, त्यांना हिचा बाप जेवू घालत होता."

"आणि शिक्षण?"

"पैसा कुठला? शाळा संपली आणि ही खुर्च्यांना रंगरोगण करण्याच्या सरकारी कामावर लागली. अठराएक वर्षांची असेल. वस्तीत एक समाजकेंद्र होतं, डिक्सवेल कम्युनिटी हाउस. तिथे एका सभेत विषय निघाला की काळे लोक या केंद्राकडे का फिरकत नाहीत. हिने उठून सांगितलं, फिरकतील कसे, चालवणारे सगळे गोरे, आम्हाला कोण विचारतंय! आता ते केंद्र ज्याच्या पैशावर उभं होतं तो क्लॅरन्स ब्लेकस्ली सभेतच बसलेला. गोरा कंत्राटदार, पैसेवाला. दुसऱ्या दिवशी त्याने बोलावणं धाडलं."

"झापायला?"

"मलाही तेच वाटलं असतं. त्याने विचारलं, शिकत का नाहीस? ही म्हणाली, पैसे नाहीत, वकील व्हायचंय. तो म्हणाला, तुला जमेल तोवर शीक, मी भरतो. आधी फिस्क, मग न्यूयॉर्क विद्यापीठ, मग कोलंबियाचं लॉ स्कूल. 1946 ला कायद्याची पदवी घेतली. आमच्या आबांना असा एक ब्लेकस्ली भेटला असता, तर त्यांचं टेबल झाडाखाली नसतं."

इतक्यात मागच्या दारात काका आले. काका निवृत्त इंजिनिअर आहेत आणि कुंपणावरच्या कोणत्याही गप्पांत त्यांना फक्त चुका ऐकू येतात. "एका चांगल्या माणसावरून व्यवस्था चांगली ठरत नाही," ते म्हणाले.

"कोण म्हणतंय ठरते? त्याच दिवसांत ही एका वकिली कचेरीत मुलाखतीला गेली. दार उघडणाऱ्याने तोंड पाहिलं आणि जागा भरली म्हणून सांगितलं. आत घेतलंसुद्धा नाही."

काकांनी पुढे युक्तिवाद केला नाही. ते नळी घेऊन टोमॅटोला पाणी घालू लागले, म्हणजे कान इकडेच.

कोलंबियात शिकत असतानाच कॉन्स्टन्स बेकर थरगुड मार्शल यांच्या हाताखाली काम करू लागली. मार्शल चालवत ती काळ्यांच्या हक्कांचे खटले लढणारी संस्था, एनएएसीपीचा लीगल डिफेन्स फंड. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांचा कायदा ज्या ब्राउन खटल्याने 1954 मध्ये मोडून काढला, त्याच्या मूळ दाव्याचा मसुदा तिने लिहिला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयात दहा वेळा उभी राहिली आणि नऊ खटले जिंकली. तिच्याआधी तिथे एकही काळी स्त्री युक्तिवादाला उभी राहिली नव्हती. दहावा खटला ज्यूरी निवडताना काळ्यांना वगळण्याबद्दलचा होता. तो 1965 मध्ये ती हरली, पण 1986 मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला. हे सगळं काकूंनी एका दमात उरकलं. त्यांना घाई होती ती मिसिसिपीला पोचायची.

"1961. जेम्स मेरेडिथ नावाचा हवाई दलातून परतलेला तरुण. त्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश हवा. गोऱ्यांचं विद्यापीठ. मार्शलने केस हिच्याकडे दिली. आता विचार कर, न्यूयॉर्कची काळी बाई, आणि सारखं मिसिसिपीला जायचं. हॉटेलात जागा मिळायची नाही. मग मेडगर एव्हर्सच्या घरी उतरायची. तोच एव्हर्स, ज्याला 1963 च्या जूनमध्ये त्याच्याच घराच्या दारात गोळी घातली. अलाबामात गेली की आर्थर शोर्स वकिलांकडे. त्यांचं घर तर त्याच वर्षी दोनदा बाँबने उडवायचा प्रयत्न झाला."

"आणि ही जातच राहिली?"

"जातच राहिली. खालच्या कोर्टात हरली, वर अपील. 1962 मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं, प्रवेश द्या. गव्हर्नर दारात आडवा. 30 सप्टेंबरच्या रात्री तिथे दंगल झाली, दोन माणसं मेली, राष्ट्राध्यक्ष केनेडींना सैन्य पाठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेरेडिथचं नाव नोंदवलं गेलं. मग पुढचं वर्ष उजाडलं. बर्मिंगहॅममध्ये मोर्च्यात गेली म्हणून शाळेतून हजारावर मुलं काढून टाकलेली. ही गेली, खालच्या कोर्टाने नाही म्हटलं, त्याच दिवशी अपिलात जाऊन मुलं परत शाळेत बसवली. त्याच दिवशी! आबांना एक मनाई हुकूम मिळवायला पावसाळा लागायचा."

काकू बादलीवर जरा सरकून उभ्या राहिल्या. आवाज खाली आला, म्हणजे आता गाभा.

"तर मिसिसिपीचा सिनेटर कोण? जेम्स ईस्टलंड. हजारो एकर कापसाची जमीन. आणि स्वतः तरुणपणी याच मिसिसिपी विद्यापीठात शिकलेला. म्हणजे हिने काळ्या मुलाला नेऊन बसवलं ते कुठे, तर ह्याच्या जुन्या कॉलेजात! आणि हा ईस्टलंड सिनेटच्या न्याय समितीचा अध्यक्ष."

"मग?"

"मग म्हणजे काय? जजची नेमणूक कशी होते इथे? राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात. ते नाव जातं न्याय समितीकडे. समिती सुनावणी घेते, तपासते, आणि मग सगळ्या सिनेटचं मत. समितीच्या अध्यक्षाने फाईल हातात घेतलीच नाही, तर राष्ट्राध्यक्षसुद्धा काही करू शकत नाही. हा ईस्टलंड त्या फाईलीवर बसला, दिवाळीच्या फराळाच्या डब्यावर सासू बसते ना, तसा. कुणाला चकली मिळेल, कुणाला चिवडा, आणि कुणी नुसतं वास घेत उभं राहायचं, हे तो ठरवणार."

ही उपमा काकूंच्या सासूबाईंवर होती की नाही हे काकांनी विचारलं नाही, पण नळीचं पाणी काही क्षण एकाच टोमॅटोवर पडत राहिलं.

लिंडन जॉन्सन यांनी 1966 च्या जानेवारीअखेर मॉटलींचं नाव न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टसाठी सुचवलं. तोवर बाईंनी वकिलीतून राजकारणातही पाय ठेवला होता: 1964 मध्ये राज्याच्या सिनेटवर निवडून आलेली पहिली काळी स्त्री, 1965 मध्ये मॅनहॅटन बरोची अध्यक्ष. नावासाठी न्यूयॉर्कचे सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी शब्द टाकला होता. जॉन्सनना तर आधी त्यांना एक पायरी वर, अपील न्यायालयात बसवायचं होतं. विरोध इतका झाला, की ते सोडून देऊन खालच्या खुर्चीवर भागवावं लागलं.

"आणि त्या खालच्या खुर्चीलाही सात महिने!" काकू म्हणाल्या. "आता हे ऐक. ईस्टलंडचा कॉलेजातला खोलीसोबती होता हॅरल्ड कॉक्स. 1961 मध्ये केनेडींनी त्याला मिसिसिपीत फेडरल जज नेमलं. 20 जूनला नाव गेलं, 27 जूनला सिनेटची मंजुरी! एक आठवडा. तो माणूस पुढे खुर्चीवर बसून काळ्यांबद्दल काय काय बोलला, ते माझ्या तोंडून नको. आणि थरगुड मार्शलला अपील कोर्टावर नेमलं, तेव्हा याच समितीने जवळजवळ वर्ष घालवलं."

"काकू, आरोप तरी काय ठेवला मॉटलीबाईंवर?"

"कम्युनिस्ट! दुसरं काय? तेव्हा कुणाचं काही सापडलं नाही की तोच. विद्यार्थी असताना पक्षात होती म्हणे. सिनेटमध्ये उभं राहून वाचून दाखवलं. कुणी मनावर घेतलं नाही. 30 ऑगस्टला मंजुरी झाली."

काका आता कुंपणापाशी आले. "आपल्याकडे यापेक्षा काय वेगळं आहे? कॉलेजियम नावं पाठवतं आणि सरकार फायली दाबून ठेवतं. वर्षं जातात. इथे निदान तुझ्या ईस्टलंडला सिनेटमध्ये उभं राहून तोंड उघडावं लागलं. आपल्याकडे कोण कशासाठी थांबवतंय, हे वर्तमानपत्रवाल्यांनी अंदाजाने लिहायचं."

काकांचा हा मुद्दा मला पटला आणि काकूंनाही पटला असावा, कारण त्यांनी विषय बदलला. "पण एक फरक बघा. आपल्याकडे हायकोर्टाचा जज 62 ला घरी. इथे एकदा बसला की जन्मभर. पगार कमी करता येत नाही, काढायचं तर महाभियोग. म्हणून तर दारात एवढी मारामारी. आत गेलेल्या माणसाला बाहेर काढता येत नाही, हे ईस्टलंडला चांगलं ठाऊक होतं."

"जन्मभर बसणं बरं नाही," काका म्हणाले. "माणूस थकतो, विसरतो."

"बाई 2005 पर्यंत होत्या, 84 वर्षांच्या होऊन गेल्या. 1986 नंतर सीनियर जज, म्हणजे काम कमी, खुर्ची तीच. विसरल्या बिसरल्या नाहीत."

मला मात्र वेगळंच कुतूहल होतं. एवढा लढा देऊन मिळालेली खुर्ची खटला चालवणाऱ्या न्यायालयाची. म्हणजे साक्षीदार, पुरावे, ज्यूरी, मुदतवाढीचे अर्ज. सर्वोच्च न्यायालयात नऊ खटले जिंकलेल्या वकिलाला ते कंटाळवाणं वाटलं नसेल? काकूंनी मान हलवली. त्यांच्या मते खरी गंमत तिथेच असते, आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यालाच ती कळते. तिथे खटले चिठ्ठी टाकून वाटले जातात. कोणत्या जजकडे काय येईल हे कुणाच्या हातात नाही.

"आणि चिठ्ठी तरी कशी निघावी बघ. सत्तरीच्या दशकात बायकांनी सुलिव्हन अँड क्रॉमवेल या वॉल स्ट्रीटच्या बड्या वकिली कंपनीवर दावा टाकला, की आम्हाला बाई म्हणून नोकरीत डावलतात. खटला कुणाकडे? मॉटलीबाईंकडे. कंपनी म्हणाली, तुम्ही बाई, त्यातून काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या. तुम्ही बाजूला व्हा. बाईंनी लिहून दिलं, की जज बाई आहे म्हणून बाद करायचा, तर पुरुष जजलाही तेच लागू. प्रत्येक जजला कुठली ना कुठली जात-वंश, लिंग, पूर्वायुष्य असतंच. या कोर्टातला एकही जज मग ही केस ऐकू शकणार नाही. बसल्या त्या तिथेच. पुढे कंपनीने समझोता केला."

हे ऐकून काकांनीही नळी बंद केली. अजूनही इथे कुणी काळा किंवा कुणी देशी जज झाला, की आपल्याच ओळखीतले लोक विचारतात, तो तटस्थ राहील ना? गोऱ्या जजबद्दल असा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

"आणि टॉवेलची गंमत माहितीये का?" काकूंचा चेहरा आता एकदम उजळला. "बेसबॉल. 1977 ची वर्ल्ड सीरीज. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडची एक बाई वार्ताहर, मेलिसा लुडके. सामना संपल्यावर पुरुष वार्ताहर खेळाडूंच्या खोलीत जाऊन मुलाखती घेणार, आणि हिने बाहेर ताटकळत उभं राहायचं. का, तर खेळाडू कपडे बदलत असतात! तिच्या मासिकाने खटला भरला. पुन्हा चिठ्ठी मॉटलीबाईंच्या नावाची."

"म्हणजे बाईंना खेळाडूंच्या अंघोळीवर निकाल द्यायचा होता?"

"अगं, कायद्याची गोम वेगळीच. समतेची चौदावी घटनादुरुस्ती सरकारला लागते, खासगी क्लबाला नाही. मग धरायचं कसं? तर यांकी स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं. शहराच्या जागेत भेदभाव, म्हणजे सरकारी भेदभाव. धरला! आणि अब्रूचा प्रश्न असेल तर पडदे लावा, खेळाडूंनी टॉवेल गुंडाळा, असा 1978 च्या सप्टेंबरात निकाल. गावभर काय बोंबाबोंब झाली असेल. आबा असते, तर हा निकाल त्यांनी चार मित्रांना मोठ्याने वाचून दाखवला असता."

सगळंच बाईंच्या मनासारखं झालं असं मात्र नाही, हे काकू प्रामाणिकपणे सांगतात. मार्टिन सॉस्ट्रे नावाच्या कैद्याला 372 दिवस एकांतकोठडीत ठेवलं होतं. मॉटलींनी 1970 मध्ये दिवसाला 25 डॉलर भरपाई आणि वर दंड धरून 13,020 डॉलर द्यायला लावले, तुरुंगाच्या नियमांवर कोरडे ओढले. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने दंडाची रक्कम काढून टाकली आणि निकालाची बरीच छाटणी केली. खटला चालवणाऱ्या जजच्या डोक्यावर नेहमी कुणीतरी बसलेलं असतं. 1982 मध्ये मॉटली त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या, पण ते पद सेवाज्येष्ठतेने येतं. वर बढती कुणी दिलीच नाही. पण काकूंचा राग सर्वात जास्त मार्शल यांच्यावर आहे.

"मार्शलवर? त्यांनीच तर घडवलं ना?"

"घडवलं. आणि 1961 मध्ये संस्था सोडून जज व्हायला निघाले, तेव्हा गादी दिली जॅक ग्रीनबर्गला. गोरा, पुरुष, हिच्यानंतर आलेला. बाईंना लागलं ते. आणि आता ज्या इमारतीत बाई इतकी वर्षं बसल्या, त्या फॉली स्क्वेअरच्या कोर्टाला नाव कुणाचं? थरगुड मार्शलचं." काकूंनी ओठ मुडपले. "असो. मोठा माणूस होता. आपण काय बोलणार."

काकांनी आता घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, सर्वोच्च न्यायालयात 2022 मध्ये आलेल्या केटांजी ब्राउन जॅक्सन यांनी यांचं नाव घेतलं होतं ना?

"घेतलं होतं! 2022 च्या फेब्रुवारीत, बायडन शेजारी उभे असताना. दोघींचा जन्म 14 सप्टेंबरचा, बरोबर 49 वर्षांच्या अंतराने. आणि जॅक्सनबाईही आधी वॉशिंग्टनला खटलेच चालवत होत्या, ते विसरू नकोस."

"काकू, आणि तो ईस्टलंड? त्याचं काय झालं पुढे?"

काकू याच प्रश्नाची वाट पाहत असाव्यात. "बावीस वर्षं त्या समितीच्या खुर्चीवर. पण ती खुर्ची मतांवर. 1965 ला मतदान हक्काचा कायदा आला, मिसिसिपीत काळे लोक मतदार झाले. 1978 मध्ये निवडणूक आली, तेव्हा हा गेला तिथल्या एनएएसीपीच्या आरन हेन्रींकडे, काळ्यांची मतं मिळतील का, विचारायला. त्यांनी तोंडावर सांगितलं, तुम्ही आम्हाला नोकर समजता, मिळणं कठीण आहे. मग हा निवडणुकीला उभाच राहिला नाही, गेला घरी."

"1978," काका म्हणाले. "म्हणजे त्याच वर्षी..."

"हो," काकू म्हणाल्या, "तो सामान बांधत होता आणि इकडे बाई बेसबॉलवाल्यांना टॉवेल गुंडाळायला सांगत होत्या."